‘नाही’ म्हणण्याचा पगार

बडोद्यात औषधाचा धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या पाठिंब्यावर १८९० मध्ये कलाभवन उभं केलं. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या पुढाकारानं अलेम्बिक केमिकल वर्क्स निघालं. त्यानंतर साराभाई केमिकल्स आलं, तांदळज्याला सन फार्माचं संशोधन केंद्र आलं. आज गोत्री, सेवासी, गोरवा या पश्चिमेच्या पट्ट्यात अशी सोसायटी क्वचितच सापडेल, जिथे एखादा केमिस्ट राहत नाही. दुकानवाला केमिस्ट नव्हे, प्रयोगशाळेतला किंवा कारखान्यातला. वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्या मराठी घरांतही तो असतोच.

या केमिस्टांची दोन कुळं आहेत. एक कूळ ठाऊक असलेलं औषध शुद्ध, स्वस्त आणि टनांनी बनवतं; त्याला प्रोसेस केमिस्ट म्हणतात. दुसरं कूळ जे औषध अजून जगात नाही ते शोधतं; त्याला मेडिसिनल केमिस्ट म्हणतात. खालचा संवाद या दोन कुळांमधला आहे. मामा बल्क ड्रगच्या कारखान्यातून प्रोसेस केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले, भाची एका संशोधन केंद्रात मेडिसिनल केमिस्ट. माणसं कल्पित आहेत, वाद मात्र खरा. निमित्त मामांच्या मुलाचं. तो महाराजा सयाजीराव विद्यापीठात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला ताईसारखं व्हायचं आहे.

मामा : तूच त्याच्या डोक्यात हे भरलंस. आता तूच काढ.

भाची : मी काही भरलं नाही, मामा. दिवसभर काय करतेस असं त्यानं विचारलं, मी सांगितलं.

मामा : मग मलाही सांग. सगळी हयात रिअॅक्टरपुढे गेली, पण तुमचं काम काही उमगलं नाही. आमच्याकडे बॅच लागली की यील्ड किती आला, किती किलो माल पास झाला, ते कळायचं. तुम्ही वर्षाअखेर काय दाखवता?

भाची : किती रेणू बनवले ते. आणि त्यातले किती टाकून दिले, ते.

मामा : म्हणजे टाकण्याचा पगार!

भाची : तसंच म्हणा. शरीरातलं एखादं प्रथिन आजाराला कारण आहे, हे जीवशास्त्रज्ञ सांगतात. त्याला अडवणारा एखादा कच्चा रेणू हाती लागतो. मग आम्ही त्याचा एकेक तुकडा बदलत जातो. इथे मिथाइल लाव, तिथे फ्लोरिन लाव, एखादं वलयच बदलून बघ. प्रत्येक नव्या रेणूची परीक्षा होते. प्रथिनाला किती घट्ट धरतो? पाण्यात विरघळतो का? यकृत त्याला तासाभरात फाडून टाकतं का? हृदयाच्या ठोक्यांना हात लावतो का? आखूड पांघरुणासारखा प्रकार आहे, डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात. विरघळायला लागला की प्रथिनाला धरेनासा होतो, धरायला लागला की हृदयाला त्रास देतो.

मामा : शेवटी फरक पडतो तो केवढा? एखाद्या गटाचाच ना?

भाची : एखाद्या गटाचाच. तुम्ही शिंका आल्या की फेक्सोफेनाडिन घेता ना? त्याच्या आधी टर्फेनाडिन होतं. झोप न आणणारं ॲलर्जीचं औषध म्हणून जगभर चाललं. पण त्याच्याबरोबर कुणी बुरशीवरचं केटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेतलं, की यकृताचं काम अडायचं, मूळ औषध रक्तात साठायचं आणि हृदयाची लय बिघडायची. माणसं दगावली. मग लक्षात आलं की ॲलर्जीवरचं खरं काम टर्फेनाडिनपासून यकृतात तयार होणारा पदार्थ करतो. रेणूच्या एका टोकाचा मिथाइल गट जाऊन तिथे आम्लाचा गट आलेला, एवढाच फरक. तोच पदार्थ १९९६ मध्ये फेक्सोफेनाडिन म्हणून बाजारात आला आणि १९९८ मध्ये टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेलं.

मामा : छान आहे. पण ही परदेशातली गोष्ट झाली. तुझ्या हातून किती औषधं निघाली?

भाची : एकही नाही.

मामा : आणि इथे माझ्या मुलानं यावं?

भाची : मामा, माणसावरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा रेणूंपैकी जेमतेम एक मंजूर होतो. तिथवर पोचण्याआधीच शेकडो, कधी हजारो रेणू आमच्याकडे बाद झालेले असतात. शोधापासून गोळीपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात. या धंद्यात मुरलेले कितीतरी केमिस्ट एकही औषध नावावर नसताना निवृत्त होतात.

मामा : हेच मी म्हणतोय. लांब कशाला जा, आपल्याच गावातलं बघ. सनमधून २००७ मध्ये स्पार्क ही संशोधनाची स्वतंत्र कंपनी निघाली. तिच्या व्होडोबॅटिनिब या रेणूकडून पार्किन्सनच्या रुग्णांना केवढी आशा होती! २०२४ मध्ये चाचणीत काही फायदा दिसला नाही, तो अभ्यास थांबला. सोरायसिससाठी एससीडी-०४४ होता, तोही २०२५ मध्ये दुसऱ्या टप्प्यावर थांबला. अलेम्बिकची निम्मी भागीदारी असलेल्या रायझेननं शोधलेलं अम्ब्रालिसिब तर अमेरिकेत मंजूरही झालं, फेब्रुवारी २०२१ मध्ये. रक्ताच्या कर्करोगावरचं औषध. पुढच्याच वर्षी मृत्यूंचा धोका वाढतो अशी शंका आली आणि परत घ्यावं लागलं. बडोद्याशी नातं असलेले तीन रेणू सांगितले. तिन्ही बुद्धिमान माणसांनी बनवलेले. हाती काय राहिलं?

भाची : व्होडोबॅटिनिब ज्या प्रथिनाला अडवतं त्याला अडवून पार्किन्सन थांबेल, ही कल्पना कागदावर फार मोहक होती. ती माणसात खरी ठरते का, हे चांगला रेणू बनवल्याशिवाय तपासताच आलं नसतं. रेणू मेंदूत पोचत नसता, तर अपयश कुणाचं हेच कळलं नसतं. रेणूनं आपलं काम केलं म्हणूनच उत्तर ‘नाही’ आहे हे नक्की झालं.

मामा : असल्या उत्तरावर घर चालतं का?

भाची : त्या उत्तराचा खर्च भागधारक सोसतात. घर मात्र पगारावर चालतं, आणि तो येतो. पण तुमच्या बोलण्यात एक खोट आहे ती सांगते. आमच्या धंद्यात माणूस नालायक ठरत नाही, प्रकल्प बंद होतो. नोकरी मात्र माणसाची जाते. चाचणी फसली की अख्खा गट रिकामा होतो, हे मी पाहिलंय. हे त्याच्यापासून लपवायचं नाही.

मामा : तू कबूल केलंस, बरं वाटलं. आता माझं ऐक. १९७० चा पेटंट कायदा आला आणि औषधाच्या रेणूवरचं पेटंट गेलं, पद्धतीवरचं तेवढं राहिलं. म्हणजे तोच रेणू वेगळ्या वाटेनं बनवला तर कायदा आडवा येत नव्हता. आमच्या पिढीनं त्या वाटा शोधल्या. एखादी महाग अभिक्रिया टाळली, एक पायरी कमी केली, सॉल्व्हंट परत वापरला, की किलोमागे भाव उतरायचा. २००१ मध्ये सिप्लानं एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च साडेतीनशे डॉलरवर आणला, तेव्हा पाश्चात्य कंपन्यांचा दर दहा हजारांच्या वर होता. आफ्रिकेत लाखो माणसं जगली ती प्रोसेस केमिस्टमुळे. मेडल मागायला कुणी गेलं नाही.

भाची : ते रेणू कुणी शोधले होते, मामा?

मामा : ते आम्ही शोधले, असं कुठे म्हटलं?

भाची : म्हणून म्हणते. गोत्रीच्या मेडिकल कॉलेजच्या पत्त्यात अजून ‘जुनं टीबी हॉस्पिटल’ लिहितात. क्षयाचंच बघा. स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात आलं, आयसोनियाझिड १९५२ मध्ये, रिफाम्पिसिन १९६० च्या दशकात. मग चाळीसेक वर्षं नव्या कुळातलं औषधच नाही. जंतू तोवर जुन्या औषधांना पुरून उरायला शिकले. सगळे कारखाने रात्रंदिवस चालवून रिफाम्पिसिन फुकट वाटलं असतं, तरी त्या जंतूवर चाललं नसतं. बेडाक्विलिन अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरात मंजूर झालं. जंतूचं ऊर्जा तयार करणारं यंत्रच ते बंद पाडतं. तसं याआधी क्षयाचं एकही औषध करत नव्हतं. आज बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सासिन मिळून बहुऔषधप्रतिरोधी क्षय सहा महिन्यांत बरा होऊ शकतो. आधी त्याला वीस महिनेसुद्धा लागायचे.

मामा : आणि ते बेल्जियममध्ये शोधलं गेलं. आपल्याकडे २०२३ मध्ये त्याचं मूळ पेटंट संपलं, क्षाररूपावरचा वाढीव दावा आपल्या पेटंट कार्यालयानं फेटाळला आणि भारतीय कंपन्यांना मोकळीक मिळाली. म्हणजे शेवटी पुन्हा आम्हीच!

भाची : पुन्हा तुम्हीच. पण क्षयाचे सर्वाधिक रुग्ण ज्या देशात, त्या देशानं औषध दुसऱ्यानं शोधण्याची वाट बघत बसायचं? २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत आलंय. तुमची जुनी वाट आता नव्या औषधाला वीस वर्षं बंद असते.

मामा : हे पटलं. मग आपल्याकडे हे जमलंय कुठे, ते सांग. एकदोन तरी.

भाची : मुंबईपासून सुरू करते. गोरेगावला सिबा या स्विस कंपनीचं संशोधन केंद्र १९६३ मध्ये उघडलं. नायट्रोक्साझेपिन हे नैराश्यावरचं औषध तिथलं. मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीचं केंद्र होतं. आपण ज्या गरमरचं लोणचं खातो, त्याच वनस्पतीच्या मुळातून तिथे फोर्स्कोलिन मिळालं. त्याचं पाण्यात विरघळणारं रूप पुढे जपानमध्ये हृदयाच्या रुग्णांसाठी औषध झालं. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेनं सेंटक्रोमन दिलं, ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी. मग भारतीय कंपन्या उतरल्या. अहमदाबादच्या झायडसचं सारोग्लिटाझार २०१३ मध्ये आलं. भारतीय कंपनीनं शोधापासून बाजारापर्यंत स्वतः नेलेला तो पहिला नवा रेणू. संभाजीनगरला वोक्हार्टनं प्रतिजैविकांचा पिच्छा सोडला नाही. लेव्होनाडिफ्लोक्सासिनला २०२० मध्ये मंजुरी मिळाली. यादी मोठी नाही. पण गोत्रीहून गाडीनं गाठता येईल अशा अंतरावर हे घडलंय.

मामा : बरं. आता मुलाचं बोल. त्यानं नेमकं करायचं काय? पीएचडी करून तिशीपर्यंत शिकतच राहायचं?

भाची : वाटा दोन आहेत. ऑरगॅनिक घेऊन एमएस्सी करायचं आणि थेट कंपनीत लागायचं. नाहीतर सीएसआयआर-नेट परीक्षा देऊन पीएचडी. फेलोशिप महिना ३७ हजार रुपये आहे, २०२३ पासून. फार्मसीची मुलं जीपॅट परीक्षा देऊन नायपर या राष्ट्रीय औषधशिक्षण संस्थेत मेडिसिनल केमिस्ट्रीला जातात. अहमदाबादलाही नायपर आहे. पीएचडीनंतर बरेच जण परदेशात दोन-तीन वर्षं पोस्टडॉक करतात.

मामा : आणि नुसत्या एमएस्सीवाल्याला वर चढता येतं?

भाची : आपल्या कंपन्यांत एका पातळीला दार लागतं, खोटं कशाला सांगू. पण ते दार ज्ञानाचं नाही, नियमाचं आहे. अमेरिकन केमिस्ट गर्ट्रूड एलियनकडे पीएचडी नव्हती. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन ती करू पाहत होती, पूर्णवेळ ये असं सांगितल्यावर तिनं नोकरी निवडली. मर्कॅप्टोप्युरिन, अझाथायोप्रिन आणि असायक्लोव्हिर तिच्या गटातून आली आणि १९८८ चं नोबेलही मिळालं.

मामा : एलियन एखादीच असते. तू तुझ्या प्रयोगशाळेतल्या पायऱ्या सांग.

भाची : तीन आहेत. पहिल्या पायरीवर रेणू कसा बनवायचा हे शिकायचं. टीएलसी, कॉलम, रोटाव्हॅप चालवणं, एनएमआरचे आलेख वाचणं. पहिली चार-पाच वर्षं माणूस फ्यूम हूडसमोर उभाच असतो. दुसऱ्या पायरीवर काय बनवायचं हे ठरवायचं. समोर पन्नास रेणूंचे आकडे असतात आणि पुढचे पाच निवडायचे असतात. तिथे रसायनशास्त्र पुरत नाही, एन्झाइम, यकृत, प्राण्यांवरच्या चाचण्या हे सगळं समजावं लागतं. तिसऱ्या पायरीवर काय थांबवायचं हे सांगायचं. तीन वर्षं खपलेल्या गटासमोर उभं राहून ‘ही मालिका बंद करा’ म्हणायचं. त्यासाठी पगार जास्त मिळतो, कारण चुकीचा रेणू जितका उशिरा थांबतो तितका महाग पडतो.

मामा : आमच्याकडेही खराब बॅच लवकर पकडणारा तोच हुशार. पण बाहेरच्या कंपन्यांचं काम करणाऱ्या त्या सीआरओंचं काय? बंगळूर-हैदराबादला पोरं तिथेच भरती होतात ना?

भाची : होतात, आणि पहिल्या पायरीसाठी ती उत्तम शाळा आहे. हात इतका फिरतो की अवघड अभिक्रियेची भीती जाते. अडचण पुढे येते. रेणूचं चित्र परदेशातून येतं, बनवून पाठवायचं. तो कशासाठी, त्याचं पुढे काय झालं, हे पुष्कळदा सांगत नाहीत. दहा वर्षं असं केलं तर माणूस पहिल्याच पायरीवर म्हातारा होतो. म्हणून तिथे जायचं, पण ठरवून बाहेर पडायचं.

मामा : आणि तुमची ती पहिली पायरी कॉम्प्युटर खाणार नाही का? २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांचे आकार सांगणाऱ्या आणि नवी प्रथिनं रचणाऱ्या संगणकवाल्यांनाच गेलं.

भाची : संगणक हजार रेणू सुचवतो. त्यातले कोणते बनवता येतील आणि कोणते दोन दिवसांत बाटलीतच सडतील, हे ज्याचे हात भाजलेत त्यालाच कळतं. पण जो मुलगा फक्त हुकूम घेऊन रेणू बनवेल त्याची जागा धोक्यात आहे, हे खरं. दुसरी पायरी लवकर चढावी लागेल.

मामा : शेवटचं. तू गरोदर असताना सॉल्व्हंटपासून दूर बसलीस. वर्षभर मागे पडलीस ना?

भाची : हो, बेंच सोडून डिझाइनचं काम घेतलं. तेव्हा मागे पडल्यासारखं वाटलं. दुसरी पायरी मात्र मी त्याच वर्षात चढले. पण मुलींच्या बाबतीत हे नशिबावर सोडू नये. केंद्रांनी ही सोय लेखी नियमात घालायला हवी.

मामा : बरं, माझा निकाल ऐक. त्याला जायचं तर जाऊ दे. तीन अटी. एमएस्सीला अर्ज करण्याआधी एक उन्हाळा कुठल्यातरी प्रयोगशाळेत काढायचा, फसलेल्या अभिक्रियांसह. पहिली नोकरी हात घडवणारी घ्यायची, पॅकेज बघून नाही. आणि प्रोसेसचं दार बंद करायचं नाही. उद्या प्रकल्प बंद पडला तर उत्तम हात असलेला मेडिसिनल केमिस्ट आमच्याकडे चालतो. आमच्याकडून तुमच्याकडे येणं फार कठीण.

भाची : तिन्ही मान्य. माझी चौथी. जीवशास्त्राचं पुस्तक आजपासून वाचायला घ्यायचं.

हा वाद इथे मिटला, पण ज्यांच्या घरी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे त्यांच्यासाठी तो चालूच आहे. मामांचं गणित चुकीचं नाही. ठाऊक असलेलं औषध गरिबाच्या हाती पोचवणं हे मोठं काम आहे, आणि नोकरी म्हणून ते अधिक भरवशाचं आहे. भाचीचंही चुकीचं नाही. पण तिच्या वाटेला जाणाऱ्यानं औषधाच्या पुडीवर आपलं काम दिसेल ही आशा धरू नये. तिथे वर चढायचं ते ‘कसं’पासून ‘काय’पर्यंत आणि ‘काय नाही’पर्यंत. तेव्हा अर्ज भरताना मुलाला पगार किती मिळेल हे जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा, की दहा वर्षांच्या कामाचं उत्तर ‘नाही’ आलं, तरी दुसऱ्या दिवशी नवा रेणू आखायला तू बसशील का? उत्तर ‘हो’ असेल तर त्याला अडवू नका.